सुशे, ती आपण नव्हतो

सुशे, तुझं तेरावं झालं, गंधमुक्ती झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मी विसरवाडीच्या गाडीत जाऊन बसले. घरात सांगितलं नाही. सुनेला म्हणाले, बँकेत जाऊन येते. गाडी सुटायच्या आधी मी उठले, पायरीपर्यंत गेले, परत येऊन बसले, पुन्हा उठले. कंडक्टर वैतागून म्हणाला, "आजी, बसायचं का उतरायचं, एक काय ते ठरवा." तू असतीस तर त्याला म्हणाली असतीस, "हिनं असंच शे रे भाऊ, पहिलेपासून." आणि सगळी गाडी हसली असती.

तू गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. कुकर लावते आणि शिट्टी व्हायच्या आत गच्चीवर निघून जाते. गच्चीवर गेले की वाटतं, खाली फोन वाजला. हे लिहायला बसले तेव्हाही दोनदा उठून दार बघून आले. तुमच्या घरी माणसं बसायला येतात, दाजींचा हात धरतात, मुलांना जवळ घेतात. माझ्याकडे कोण येणार? मैत्रीण गेली तर सुतक लागत नाही. दाजींकडे गेले तेव्हा त्या बायकांच्या घोळक्यात मीही एक होते, कोपऱ्यात. कुणीतरी विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" काय सांगणार होते? म्हटलं, "गावातली."

आणि आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे. ते घेऊन मी घरभर फिरते.

पहिल्यापासून सांगते. तुला सगळं माहीत आहे, पण भांडताना आपण दोघी नेहमी पहिल्यापासूनच सांगायचो.

आपण शाळेत होतो, परकर-पोलक्यातल्या. धानोऱ्याजवळच्या आपल्या गावात तुमच्या आणि आमच्या मळ्याच्या मध्ये सामाईक खळं होतं. थंडी सुरू झाली की तिथे मिरचीची पथारी पडायची. सगळी जमीन लाल. विसरवाडीकडून मजुरांच्या बायका मुलींना घेऊन यायच्या, ओळीने बसून मिरचीचे देठ खुडायच्या. त्या वर्षी बडोद्याकडून तो चित्रकार आला. शाळेच्या खोलीत राहायचा. नाकाला रुमाल बांधून पथारीच्या कडेला बसायचा आणि तरी दर थोड्या वेळाने शिंकायचा. आपण त्याला शिंक्यामास्तर म्हणायचो. त्याने तुला बसवलं, मला बसवलं. तू सारखी हलायचीस आणि मी सारखी बोलायचे. शेवटी त्याने हात जोडले आणि आपल्याला हाकललं. पण त्याच्या कागदावर पेन्सिलीने काढलेलं तुझं तोंड मी पाहिलं होतं आणि माझं तू पाहिलं होतंस. मग तो गेला. आपण त्याला विसरलो.

पुढे आपण दोघी नंदुरबारातच दिल्या गेलो. मी शाळेत नोकरीला लागले, तू घर सांभाळलंस. आणि एक दिवस वाचनालयाच्या माडीवरच्या त्या जुन्या, दोन खोल्यांच्या, पारव्यांच्या वासाच्या कलासंग्रहालयात तू थबकलीस. "मंगे! हाऊ तर आपला शिंक्यामास्तर!" खाली पाटीवर त्याचं नाव होतं. नावाखाली "खेड्यातील मुलगी". चित्रात लाल ढिगापुढे बसलेली एक पोर, मान जरा वळवलेली, हात देठावर. वर्षानुवर्षांचा धूर आणि धूळ बसून चित्र तव्यासारखं काळवंडलेलं. तोंड दिसायचं ते एवढंच, की तोंड आहे.

तू म्हणालीस, हाई मी शे. मी म्हणाले, ही मी आहे.

तिथून सुरू झालं. तुझा पुरावा कान होता, पुढे आलेला. माझा पुरावा वेणी होती. तू नव्या सुनेला घेऊन गेलीस आणि सांगितलंस, बघ, तुझी सासू. मी सहलीला नेलेल्या पोरींना सांगितलं, बघा, तुमच्या बाई. दाजी पाहुण्यांना सांगायचे, "या दोघींची समजूत कोर्टसुद्धा काढू शकणार नाही." आपण म्हाताऱ्या झालो तरी त्या काळ्या चौकटीपुढे उभ्या राहिलो की चौदा वर्षांच्या व्हायचो.

माझे हे गेले तेव्हाचं आठवतं? सगळे मला झोपवून ठेवू पाहत होते. तू मात्र रोज दुपारी रिक्षा घेऊन यायचीस. "चाल, पंख्याखाली बसू." माडीवर कुणी नसायचं. पहारेकरी खुर्चीत डुलक्या घेत असायचा. तू मुद्दाम सुरू करायचीस, "हा कान कोना शे, सांग." मी रडता रडता भांडायचे. एक दिवस मला भांडणंही जमेना. नुसती बसून राहिले. तू चित्राकडे बघितलंस. मग म्हणालीस, "जाऊ दे. आजना दिन ती तू." इतक्या वर्षांत तू एकदाच माघार घेतलीस आणि तीही एका दिवसापुरती. त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा पोटभर जेवले. हे तुला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मंग रोज देऊ का?

मग ती माडी बंद झाली. दुरुस्ती म्हणाले. आपल्याला वाटलं, आता कशाची उघडते. पण उघडली, आणि अशी उघडली की आपण दारातच बिचकलो. पारवे नाहीत, वास नाही. भिंती राखाडी, जमीन इतकी गुळगुळीत की तू माझा दंड धरलास. प्रत्येक चित्रावर वरून आपला आपला दिवा. पितळी भांडी काचेत. तलवार काचेत. तू म्हणालीस, "मंगे, आपण आठे उभ्या ऱ्हायनूत तर आपले बी काचमा टाकतीन." मोठ्याने म्हणालीस. गणवेशातली पहारेकरीण हसली.

आणि मग ते चित्र. एका भिंतीवर एकटंच. बाहेरून माणसं आणून धुऊन पुसून काढलं होतं म्हणे. लाल रंग असा उसळून आला होता की मला खरोखर ठसका लागला.

आपण दोघी जवळ गेलो. तू चष्मा लावलास. मी माझा पुसला.

त्या पोरीच्या डोळ्याच्या कोपऱ्याशी गोंदणाचे ठिपके होते. हातावर मनगटापासून वर गोंदलेलं. गळ्यात मण्यांची माळ, पदराची गाठ आपण कधी बांधली नाही तशी. आणि तोंड, सुशे, ते तोंड आपल्या दोघींपैकी कुणाचंच नव्हतं. रुंद कपाळ, सरळ बघणारे डोळे. जणू कुणीतरी हाक मारल्यावर तिने वर पाहिलं आणि आता विचारणार आहे, काय?

तू हसायला लागलीस. बाकावर बसून हसलीस, तोंडाला पदर लावून हसलीस. "मंगे, हाई ना तू शे, ना मी शे व!" पहारेकरीण काय झालं बघायला आली. मीही हसले. आणि हसता हसता तुझं तोंड बदललं. ते मी पाहत होते. तू पदर खाली केलास आणि म्हणालीस, "मंग हाई कोन व्हती?"

मला माहीत नव्हतं. मला त्या ओळीत बसलेल्या बायकांच्या पाठी आठवत होत्या, तोंडं नाही. तुला आठवलं. तू डोळे मिटून बसलीस आणि एकेक काढलंस. दोन बहिणी यायच्या. मोठी मोगी, धाकटी जेमी. मोगी आपल्याच वयाची. हसताना तोंडावर हात धरायची नाही म्हणून तुझी आजी तिला बोलायची. तुझे हात मिरचीने भाजले तेव्हा तिने तुला खळ्यामागे नेऊन हाताला तेल चोळलं होतं. "हाई मोगी शे," तू म्हणालीस. "मी हुडकसू तिले."

तिथेच आपलं शेवटचं भांडण लागलं.

मी म्हटलं, कशाला? तू म्हणालीस, "इतला वरीस आपण तिना तोंडवर आपलं तोंड लाई बठनूत." मला ते झोंबलं. आणि मला काही झोंबलं की मी शाळेतली मराठी बोलते, तुला ठाऊक आहे. मी म्हणाले, "मग आता काय करणार आहेस? कुठे असेल, असेल की नसेल, ती म्हातारी शोधून काढायची, तिला गाडीत घालून इथे आणायचं आणि दाखवायचं, बघ, तू आमच्या खळ्यात मजुरी करत होतीस ते चित्र? आणि माफी मागायची? ती काय करणार आहे त्या माफीचं? हे तिच्यासाठी नाहीये सुशीला. तुझं मन हलकं व्हावं म्हणून आहे."

"मन्हासंगे शुद्ध बोलू नको," तू म्हणालीस.

"मी खरं बोलतेय."

"तू खरं शिकाडी ऱ्हायनी माले. शाळा सुटनी तुन्ही, बाई. आते मन्हासंगे सुधं बोल."

ती पहारेकरीण तोंड फिरवून उभी होती. तू उठलीस आणि एकटीच लिफ्टकडे गेलीस. तुला लिफ्टची भीती वाटायची. तरी गेलीस, माझ्यासोबत जिना उतरायला नको म्हणून.

त्यानंतर आपण काही दिवस बोललो नाही. मग तूच फोन केलास. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. "विसरवाडीना बजारना दिन जासूत. येशी का नही, इतलंच सांग."

मी म्हटलं, "देखसूत."

बाजाराचा दिवस यायच्या आधी तू गेलीस. सकाळी चहा ठेवता ठेवता. दाजींनी फोन केला तेव्हा मी आधी तुझंच नाव घेऊन विचारलं, "सुशी कुठे आहे? तिला द्या ना फोन."

म्हणून त्या दिवशी विसरवाडीच्या गाडीत बसले. तुझं पटलं म्हणून नव्हे. हे नीट ऐक, नाहीतर तिकडे बसून मिरवशील. मला अजूनही वाटत होतं की हे तिच्यासाठी नाही. पण घरात बसवत नव्हतं, आणि तू जिथे जाणार होतीस असं एकच ठिकाण मला माहीत होतं.

विसरवाडीला हायवेवर उतरले. ट्रकांची रांग, पंक्चरवाले, हॉटेलं, नवापूरकडून कोंबड्या भरून आलेला टेम्पो, आणि या सगळ्यात मी, पर्स घट्ट धरून उभी. चहावाल्याला विचारलं, मोगी नावाची बाई, माझ्या वयाची. तो म्हणाला, "मावशी, आठे दर दुसरा घरमा मोगी शे." खरंच. देवीचं नाव ते, कुणाकुणाला विचारणार? मग म्हटलं, बहीण जेमी, दोघी लहानपणी आईबरोबर नंदुरबारकडे मिरची खुडायला जायच्या. भाजीवाल्या बायकांनी आपापसांत काहीतरी म्हटलं आणि एकीने बोट दाखवलं. फाट्यापाशी, अंड्यांचे ट्रे मांडून, छत्रीखाली एक बाई बसली होती. चष्मा, पांढरे केस ताणून बांधलेले.

मी जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, "कितला देऊ?"

"अंडी नको. जेमी तुम्हीच का?"

"मीच. तू कोन?"

गावाचं नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं. धानोऱ्याजवळचं खळं सांगितलं. तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. मग आपल्याच बोलीत, जरा मोडून, म्हणाली, "तठे दोन पोरी व्हत्यात. सारख्या भांडेत. एक हालनारी, एक बोलनारी. तू त्यामानी कोनती?"

सुशे, मला वाटलं होतं आपण त्यांना पाहत होतो. त्या आपल्याला पाहत होत्या, हे आपल्या डोक्यातच नव्हतं.

"बोलणारी," मी म्हटलं.

"मंग हालनारी कोठे शे?"

आणि मी म्हणाले, "ती गेली." तोपर्यंत हे दुसऱ्यांनी मला सांगितलं होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. हायवेवर, अंड्यांच्या ट्रेपुढे, पहिल्यांदा माझ्या तोंडून बाहेर पडलं. जेमीने एक रिकामा ट्रे उलटा घातला आणि म्हणाली, "बठ."

मी बसले. फोन काढला. तू त्या दिवशी भांडण लागायच्या आधी काढून मला पाठवलेला फोटो उघडला आणि तिच्या हातात दिला. तिने पदराने काच पुसली. चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला. एक ट्रक भोंगा वाजवत गेला, तिला ऐकू आला नाही.

"हाई मोगी," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

मी चित्राचं सांगितलं. चित्रकार, संग्रहालय, धुतलेलं चित्र. ती ऐकत होती की नाही कळेना. मी विचारलं, "मोगी कुठे असते आता?"

"मोगी तेच साल गई. मिरचीवरथून घर उनूत, तिले ताप उना. होळीना पहिलेच गई." फोन अजून तिच्या हातातच होता. दिवा मालवला की ती बोटाने पुन्हा लावायची. "तिना एक बी फोटू नही. कोठून व्हई? मायले मंग तिनं तोंड आठवे ना. म्हातारपनमा माले इचारे, जेमी, मोगी कशी दिखे व? मी सांगू, मन्हासारखी दिखे." तिने दिवा पुन्हा लावला. "खोटंच सांगू मायले. मोगी मन्हापेक्षा देखनी व्हती."

मी तिथे ते माफीचं काढायचा प्रयत्न केला. तुझ्या वतीने, कारण मला ते पटलेलं नव्हतं. म्हटलं, सुशीला आणि मी, आम्ही दोघी इतकी वर्षं हे चित्र आमचं म्हणत होतो. तिने ऐकलंच नाही. मध्येच म्हणाली, "खरा फोटू कितला मोठा शे?" मी हात पसरून दाखवलं. तिने माझ्या दोन हातांमधल्या जागेकडे बघितलं. तिथे जणू काही होतं.

गिऱ्हाईक आलं. तिने अंडी मोजून दिली, परत माझ्याकडे वळली. "आज नही. ह्या अंडा खपाडना पडतीन. सोमवारे येस मी."

ती सोमवारी आली. मी स्टँडवर केव्हाची येरझाऱ्या घालत होते. प्रत्येक गाडीतून ती उतरणार नाही अशी माझी खात्री होती. ती उतरली. नवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात पिशवी. पिशवीत माझ्यासाठी अंडी होती, कागदात गुंडाळलेली. मी म्हटलं, "मला काय हो हे." ती म्हणाली, "बहीनना घर चाली ऱ्हायनू, रिकामा हाते येऊ का?"

संग्रहालयाचं दार आपोआप उघडतं, तुला माहीत आहे. ती उघडल्यावरही आत जाईना. कुणीतरी या म्हणेल, म्हणून वाट पाहत होती. मी म्हटलं, "या." मग आली. दालनाच्या तोंडाशी तिने चपला काढल्या. पहारेकरीण म्हणाली, "मावशी, घालून चालतं." ती म्हणाली, असू दे, आणि अनवाणीच पुढे गेली. तलवारीकडे पाहिलं नाही. राजेमहाराजांच्या तसबिरींकडे पाहिलं नाही. चित्र समोर आलं तेव्हा लांबच थांबली.

मला वाटलं ती रडेल. मी हात धरायला पुढे झाले. तिने माझा हात बाजूला केला. रागाने नाही, डोळ्यांसमोर आडवी येणारी फांदी बाजूला करावी तसा.

थोडी पुढे गेली. थांबली. अजून थोडी. जमिनीवर पट्टी आहे, तिच्यापुढे जायचं नाही. तिथे पोचली आणि खाली बसली. बाकावर नाही, जमिनीवर, मांडी घालून. पिशवी बाजूला ठेवली. आणि बोलायला लागली.

तिच्या घरच्या बोलीत बोलत होती, सुशे. आपल्या बोलीत नाही. मला अर्धंमुर्धं कळत होतं. मायचं नाव आलं. बापाचं आलं असावं. लग्न, पोरं, कुणाचं तरी शेत, कुणीतरी सुरतेला गेलेला. मोगीच्या मागे जे जे घडलं ते सगळं ती तिला सांगत होती, घाई न करता, मधेच हसून, मधेच तक्रारीच्या सुरात. मला उभं राहवेना. मी दालनात फिरले, पितळी भांडी बघितली, परत आले, पुन्हा गेले. पहारेकरीण माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "कोण आहे त्यांची?" मी म्हटलं, "बहीण." तिने वर चित्राकडे पाहिलं, मग भिंतीजवळची आपली खुर्ची ओढून दालनाच्या दारात नेली आणि आडवी ठेवून तिथे बसली. कुणी आत आलं तर आधी तिच्याशी बोलावं लागेल अशी.

शेवटी मीही जेमीच्या शेजारी जाऊन खाली बसले. गुडघे कुरकुरले. फरशी गार होती. तू गेल्यापासून मी एवढा वेळ कुठेच बसले नव्हते. तिला काय वाटेल याची मला आता फिकीर नव्हती, आणि आपलं दोघींचं कोण बरोबर होतं याचीही नव्हती. मी तुला विचारलं होतं ना, ती काय करणार आहे इथे येऊन? हे करणार होती. हे तुलाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. पण तू जाऊ म्हणालीस.

तिच्या बोलण्यात एकदा तुझं नाव आलं. सुशीला. स्पष्ट. मी चमकून बघितलं. ती बोलतच राहिली.

बोलणं संपल्यावर तिने जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि उठली. मी विचारलं, पाटीवर नाव घालायला सांगू का? ती म्हणाली, "घाल. मोगी. नुसतं मोगी." तिथल्या साहेबांना मी सांगितलं आहे. ते म्हणाले, बघू. मी परवा गेले होते, उद्या परत जाणार आहे. मी अशी रोज जाऊन उभी राहीन की त्यांना माझी कटकट नको म्हणून तरी ते घालतील. हे काम मला बरं वाटतं. जायला एक जागा आहे.

स्टँडवर तिची गाडी लागली होती. पुढच्या खेपेला सुनेला आणते म्हणाली, नातीलाही. गाडीत चढायच्या आधी मी तिला अडवलं.

"तू तिला सुशीचं काय सांगितलंस?"

जेमी म्हणाली, "सांगं, ती हालनारी पोर तुन्हाकडे येल शे. नवी शे, तिले तठे कोनी वळखत नही. तिले जोडे बसाडी ले."

तिला जवळ बसवून घे. असं सांगितलं तिने, तुझ्यासाठी, तिच्या बहिणीला. ती गाडीत चढली, खिडकीशी बसली आणि पदर नीट करून समोर बघायला लागली. इतकी साधी गोष्ट, तिच्या दृष्टीने सांगून झालेली. मी गाडी गेल्यावरही तिथेच होते. तुझ्या बारा-तेरा दिवसांच्या सगळ्या विधींत मला रडू आलं नव्हतं. ते तिथे आलं, फलाटाच्या खांबाला धरून. एका पोरीने पाण्याची बाटली पुढे केली.

तेव्हा सुशे, तिथे कुणी रुंद कपाळाची, सरळ बघणारी पोर सरकून तुला जागा देईल, तर बस. ती मोगी. तिला धाकटीचं सगळं कळलेलं आहे, ते पुन्हा सांगत बसू नकोस. हाताला तेल लावलेलं तिच्या लक्षात आहे का, ते विचार. फार हलू नकोस. आणि भांडण मात्र तिच्याशी काढू नकोस. ते माझं आहे.